हृदयसंरक्षण आणि दैनंदिन आचार : कोकण व महाराष्ट्रातील वाटचाल

हृदय व रक्तवाहिन्या निरोगी राहाव्यात म्हणून आहार, परिश्रम, विश्रांती, व्यसनमुक्ती आणि वेळोवेळी केलेली तपासणी यांची जी सवय माणूस लावून घेतो, तिला स्थूलमानाने हृदयसंरक्षण म्हणता येईल. प्रौढ माणसाचे हृदय विश्रांतीच्या स्थितीत मिनिटाला सु. ७० वेळा, म्हणजे दिवसाकाठी सु. एक लाख वेळा आकुंचन पावते. या अखंड श्रमासाठी लागणारे रक्त हृदयाच्या स्नायूंना हृदयरोहिण्यांमार्फत मिळते. रोहिण्यांच्या आतील अस्तरात कोलेस्टेरॉल व इतर द्रव्ये साचत गेली, की त्यांचा पोकळ भाग अरुंद होतो. अशा जागी रक्ताची गुठळी होऊन प्रवाह अडला, म्हणजे हृदयस्नायूचा काही भाग मृत होतो. यालाच व्यवहारात हृदयविकाराचा झटका म्हणतात. झटका काही क्षणांत येत असला, तरी त्याची पूर्वतयारी शरीरात कित्येक दशके चाललेली असते. दैनंदिन आचाराला या विषयात जे महत्त्व आहे, ते यामुळेच होय.

महाराष्ट्रातील या विषयाचा इतिहास पाहता एक गोष्ट ठळकपणे आढळते. पूर्वी जे परिश्रम व जो मिताहार परिस्थितीने माणसावर लादला होता, तो परिस्थिती पालटताच नाहीसा झाला; त्याची जागा आता समजून-उमजून लावलेल्या सवयीने भरून काढावी लागत आहे. हे स्थित्यंतर मुंबईसारख्या महानगरात प्रथम घडले व नंतर केळशीसारख्या किनाऱ्यावरील गावांपर्यंत पोहोचले.

प्राचीन विचार : आयुर्वेदात हृदयाची गणना प्रमुख मर्मांत केलेली असून चरकसंहितेत हृद्‌रोगाचे पाच प्रकार वर्णिले आहेत. रक्ताभिसरणाची आधुनिक कल्पना त्या काळी नसल्याने या प्रकारांचा आजच्या रोगांशी शब्दशः मेळ घालणे युक्त ठरत नाही. तथापि रोग झाल्यावर उपचार करण्याआधी निरोगी माणसाने आपला दिवस कसा घालवावा, या प्रश्नाला आयुर्वेदाने स्वतंत्र स्थान दिले, ही बाब लक्षणीय आहे. वाग्भटाच्या अष्टांगहृदय या ग्रंथात दिनचर्येचा स्वतंत्र अध्याय असून व्यायाम आपल्या शक्तीच्या निम्म्याइतकाच करावा, असा संयमाचा निर्बंधही त्यात आहे. ही शिकवण मुख्यतः सुखवस्तू वर्गासाठी होती. कष्टकरी समाजाला व्यायामाचा वेगळा उपदेश करण्याची आवश्यकता नव्हती. त्याचा दिवस श्रमांनीच भरलेला असे.

किनाऱ्यावरील जीवनक्रम : रत्नागिरी जिल्ह्याच्या दापोली तालुक्यातील केळशी हे गाव भारजा नदीच्या मुखाजवळ वसलेले आहे. एका बाजूस खाडी, समोर समुद्र व वाळूची उंच टेकडी, दक्षिणेस उटंबरचा डोंगर आणि मध्ये नारळी-पोफळीच्या वाड्या, अशी त्याची रचना आहे. महालक्ष्मीचे देवालय व याकुबबाबांचा दर्गा यांमुळे हे गाव सर्वपरिचित आहे. अशा गावात मोटाररस्ते, नळ व वीज येण्यापूर्वी कोणतेही नित्यकर्म शरीरश्रमांवाचून पार पडत नसे. विहिरीचे पाणी रहाटाने काढून वाडी शिंपणे, माडावर चढणे, भाताची लावणी व झोडणी, होडी वल्हवणे व जाळी ओढणे ही पुरुषांची कामे होत. स्त्रियांच्या वाट्याला जाते, उखळ, पाटा-वरवंटा, पाणी भरणे, जळणाच्या मोळ्या आणणे व मासळीच्या टोपल्या डोकीवर घेऊन गावोगाव हिंडणे ही कामे येत. शेजारच्या गावी जायचे, तर डोंगर चढून उतरावा लागे किंवा तरीने खाडी ओलांडून पुढे चालावे लागे.

आहारही परिस्थितीनेच ठरविलेला असे. भात, नाचणीची भाकरी, कुळथाचे पिठले, हंगामी पालेभाजी, कोकम व मिळेल ती मासळी हा त्याचा गाभा होता. बांगडा, तारली यांसारख्या तेलकट माशांतील ओमेगा-३ वर्गातील वसाम्ले हृदयाला हितकर असतात, हे आधुनिक संशोधनातून दिसून आले आहे. गोडधोड व तळणीचे पदार्थ सणासुदीपुरते मर्यादित असत, कारण तेल, तूप व गूळ जपून वापरावे लागे.

या जीवनक्रमाचे चित्र एकांगी रंगवणे मात्र योग्य नाही. १९४१–५१ या दशकात भारतीयांचे सरासरी आयुर्मान सु. ३२ वर्षे होते. बालमृत्यू, हिवताप, क्षय व बाळंतपणातील मृत्यू यांचे प्रमाण इतके मोठे होते, की हृदयरोहिण्यांचा विकार ज्या वयात प्रकटतो, त्या वयापर्यंत पुष्कळ माणसे पोहोचतच नसत. जे पोहोचत, त्यांच्या छातीत दुखून झालेल्या मृत्यूची नोंद क्वचितच नेमक्या कारणाने होई. शिवाय पावसाळ्यासाठी साठवलेली सुकट, सोडे व खारवलेले मासे, लोणचे, पापड आणि कोकमाचे खारट आगळ यांमुळे मिठाचे सेवन बरेच होई. विडी, तंबाखू आणि मिसरी यांचा प्रसारही सर्वत्र होता. तात्पर्य, जुने खेडे आरोग्याचा आदर्श नव्हते. त्याच्या काही अंगांनी हृदयाचे रक्षण होई, काहींनी अपाय होई, आणि या दोहोंची जाणीव कोणालाच नसे.

संधिज्वरजन्य हृद्‌रोग : विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात व त्यानंतरही बराच काळ भारतातील रुग्णालयांत तरुण हृद्‌रोग्यांचा मोठा वर्ग संधिज्वराने पीडित असे. मालागोलाणूंमुळे घसा सुजून गेल्यावर काही मुलांना दोन-तीन आठवड्यांनी ताप व सांधेदुखी होते. पुढे सांधे बरे होतात, पण हृदयाच्या झडपा कायमच्या जायबंदी होतात. दाट वस्ती, कोंदट खोल्या व अपुरे उपचार ही या रोगाची सुपीक भूमी होय. पेनिसिलिनाने घसासुजेवर वेळीच उपचार करणे आणि एकदा संधिज्वर झालेल्या मुलास दर तीन-चार आठवड्यांनी दीर्घकाळ अंतःक्षेपण देणे, हे त्याचे प्रतिबंधक उपाय आहेत. मुलाचा दुखरा घसा दुर्लक्षू नये, ही साधी सावधगिरीदेखील हृदयसंरक्षणात मोडते, हे यावरून लक्षात येईल.

स्थलांतर व नागरी जीवन : एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईत कापडगिरण्या उभ्या राहिल्या व त्यांच्या कामगारवर्गात रत्नागिरी जिल्ह्यातील लोकांचा भरणा मोठा होता. चाकरमानी शहरात आणि त्याचे कुटुंब गावी, अशी विभागणी कोकणात रूढ झाली. शहराने रोजगार दिला, त्याचबरोबर पाळीचे काम, अपुरी झोप, दाटीची वस्ती, चहा-पाव, विडी व सिगारेट यांची सवयही दिली. बैठे काम करणाऱ्या कारकून वर्गात श्रमांचा अभाव अधिक होता. १९३० नंतरच्या दशकात वनस्पती तूप बाजारात आले व स्वस्त असल्याने घरोघरी पोहोचले. त्यात निर्माण होणारी विपक्ष वसाम्ले रोहिण्यांना विशेष अपायकारक असतात, हे कळण्यास पुढे अर्धे शतक लागले. चाकरमान्यांनी गावी पाठविलेल्या पैशाबरोबर शहरी आहाराच्या सवयीही हळूहळू गावात आल्या.

व्यायामाची चळवळ : बैठ्या जीवनाचा धोका महाराष्ट्रातील काही विचारवंतांनी वैद्यकीय पुरावा हाती येण्यापूर्वीच ओळखला होता. औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) यांनी सूर्यनमस्काराचा हिरिरीने प्रसार केला व आपल्या संस्थानातील शाळांत तो सुरू केला. साधने, जागा व पैसा यांवाचून कोणासही घरच्या घरी करता येणारा सर्वांगीण व्यायाम, हे त्याचे वैशिष्ट्य होते. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ (१९१४) आणि दादरचे समर्थ व्यायाम मंदिर (१९२५) या संस्थांनी व्यायामाला सार्वजनिक स्वरूप दिले. या चळवळीचे मुख्य उद्दिष्ट बलोपासना व राष्ट्रीय वृत्ती हे होते. हृद्‌रोगाचा प्रतिबंध हे नव्हते. तरीही व्यायाम हा केवळ मल्लाचा विषय नसून प्रत्येकाच्या दिनक्रमाचा भाग असावा, ही कल्पना मराठी समाजात रुजली ती प्रामुख्याने तिच्यामुळेच.

स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ मध्ये लोणावळे येथे कैवल्यधाम ही संस्था स्थापन केली व योगक्रियांचे शरीरावर होणारे परिणाम यंत्रांच्या साहाय्याने मोजण्याचा उपक्रम सुरू केला. त्याच वर्षी सुरू झालेल्या योगमीमांसा या नियतकालिकातून हे प्रयोग प्रसिद्ध होत. श्रद्धेचा विषय मोजमापाच्या कक्षेत आणणारी ही दृष्टी पुढील संशोधनास उपयुक्त ठरली.

मोजमापाचे युग : रीव्हा-रोत्ची या इटालियन वैद्याने १८९६ मध्ये रक्तदाबमापक उपकरण तयार केले आणि १९०५ मध्ये कोरॉटकॉव्ह या रशियन शस्त्रवैद्याने दंडाच्या रोहिणीवर ध्वनी ऐकून दोन्ही दाब मोजण्याची रीत सांगितली. आइंटहोव्हेन यांच्या विद्युत् हृल्लेखनास १९२४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. रोग्याला काहीही जाणवत नसताना रोग ओळखता येणे, ही या साधनांची खरी देणगी होय. अतिरक्तदाब वर्षानुवर्षे मूकपणे वाढत राहतो, आणि पुष्कळदा पक्षाघात, हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा विकार हेच त्याचे पहिले लक्षण ठरते.

मुंबईच्या केईएम रुग्णालयाचा (स्थापना १९२६) या क्षेत्रातील वाटा मोठा आहे. तेथे काम केलेले डॉ. रुस्तम जाल वकील (१९११–७४) यांनी सर्पगंधा या वनस्पतीच्या मुळीचा अतिरक्तदाबावरील परिणाम ५० रुग्णांवर अभ्यासून त्याचे निष्कर्ष १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नल मध्ये प्रसिद्ध केले. या वनस्पतीच्या रक्तदाब उतरवण्याच्या गुणाकडे कलकत्त्याच्या सेन व बोस यांनी १९३१ मध्येच लक्ष वेधले होते. परंतु जगाचे लक्ष वकिलांच्या लेखाने वेधून घेतले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये या मुळीतून रेसर्पीन हे अल्कलॉइड वेगळे करण्यात आले आणि १९५७ मध्ये वकिलांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. या औषधाने काही रुग्णांत खिन्नता उत्पन्न होत असे आणि कालांतराने त्याची जागा अधिक सुरक्षित औषधांनी घेतली. तथापि अतिरक्तदाब हे अटळ प्राक्तन नसून आटोक्यात आणता येणारी अवस्था आहे, हा विश्वास त्यामुळे निर्माण झाला.

मुंबईचेच हृद्‌रोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते व त्यांचे सहकारी यांनी शवासनाचा अतिरक्तदाबावरील परिणाम अभ्यासून १९६९ मध्ये अँजिऑलॉजी या नियतकालिकात प्रसिद्ध केला. कैवल्यधामशी संबंधित असलेले डॉ. विनेकर हे या अभ्यासातील एक सहलेखक होते. ४७ रुग्णांना दररोज सु. अर्धा तास शवासन करण्यास शिकवण्यात आले. औषध न घेणाऱ्या गटाचा रक्तदाब उतरला आणि औषध घेणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांची मात्रा कमी करता आली. ज्यांना आसन नीट साधले नाही, त्यांना लाभ झाला नाही. रुग्णसंख्या लहान असल्याने यावरून व्यापक सिद्धांत मांडता येत नाही. परंतु मनाचा ताण व रक्तदाब यांच्या संबंधाकडे वैद्यकाने गांभीर्याने पाहावे, हे त्याने सुचविले.

याच रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी फेब्रुवारी १९६८ मध्ये भारतातील पहिले हृदयप्रतिरोपण केले. रुग्ण काही तासांपलीकडे जगला नाही. जगातील पहिल्या हृदयप्रतिरोपणानंतर तीन महिन्यांच्या आत झालेली ही शस्त्रक्रिया तत्कालीन कौशल्याची साक्ष देते. शस्त्रक्रियेचे शिखर आणि शवासनासारखा बिनखर्ची उपाय या दोहोंचा विचार एका वर्षाच्या अंतराने एकाच नगरात चालला होता, ही गोष्ट मननीय आहे.

सवयींचा पुरावा : एका रुग्णावरून सवयींचा परिणाम ठरवता येत नाही, त्यासाठी मोठ्या लोकसमूहाचे दीर्घकाळ निरीक्षण करावे लागते. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम या गावी १९४८ मध्ये सुरू झालेल्या पाहणीतून अतिरक्तदाब, कोलेस्टेरॉल व धूम्रपान यांचे हृद्‌रोगाशी असलेले नाते स्पष्ट झाले. १९५३ मध्ये मॉरिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील सेवकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसभर जिने चढणाऱ्या वाहकांपेक्षा बसून गाडी हाकणाऱ्या चालकांत हृद्‌रोग अधिक आढळला. केळशीच्या डोंगरवाटेने चालणाऱ्या माणसाला जे अनायासे लाभत होते, त्याचे मोल या अभ्यासाने आकड्यांत दाखवले.

महाराष्ट्रात झालेल्या पाहण्यांपैकी दोन विशेष उल्लेखनीय आहेत. डॉ. प्रकाश गुप्ता व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ पासून मुंबईतील ३५ वर्षांवरील सु. १ लाख ४८ हजार व्यक्तींची नोंद करून त्यांचा काही वर्षे मागोवा घेतला. विडी ही सिगारेटपेक्षा सौम्य असते, हा समज या पाहणीने खोटा ठरवला. विडी ओढणाऱ्यांतील मृत्युमान सिगारेट ओढणाऱ्यांहूनही अधिक आढळले. धूररहित तंबाखूही निर्धोक नसल्याचे तीत दिसले. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ मध्ये पुण्यानजीकच्या सहा खेड्यांत गर्भवती स्त्रियांच्या पोषणाचा अभ्यास सुरू केला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन सु. २·७ किग्रॅ., तर तुलनेसाठी घेतलेल्या इंग्लंडमधील साउथॅम्टनच्या बालकांचे सु. ३·५ किग्रॅ. होते. स्नायू व अवयव लहान असूनही भारतीय बालकाच्या शरीरातील मेद त्या मानाने टिकून होता. अशा बालकांना पुढील आयुष्यात मधुमेह व हृद्‌रोग यांचा धोका अधिक असतो, असे या संशोधनातून पुढे आले. म्हणजे हृदयसंरक्षणाचा आरंभ मातेच्या पानातील अन्नापासूनच करावयास हवा. पिढ्यान्‌पिढ्यांच्या अर्धपोटी जीवनानंतर अल्पावधीत आलेली सुबत्ता शरीराला का मानवत नाही, याचा उलगडाही त्यातून काही अंशी होतो.

बावन्न देशांत झालेल्या इंटरहार्ट या पाहणीचे निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. धूम्रपान, रक्तातील मेदद्रव्यांचे विषम प्रमाण, अतिरक्तदाब, मधुमेह, पोटाची स्थूलता, मानसिक ताण, फळे व भाज्या यांची उणीव, मद्य आणि व्यायामाचा अभाव या नऊ घटकांत हृदयविकाराच्या पहिल्या झटक्याची बहुतेक कारणमीमांसा सामावते, असे तीत आढळले. दक्षिण आशियातील रुग्णांना पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी, तर इतर देशांतील रुग्णांना सु. ५९ व्या वर्षी आल्याचे दिसले. या सहा वर्षांचा अर्थ गंभीर आहे. मुलांची शिक्षणे व लग्ने व्हावयाची असताना घरातील मिळवते माणूस जाते, आणि कोकणातील जे कुटुंब एका चाकरमान्याच्या पैशावर चालते, त्याचा आधारच तुटतो.

लोकजागृती व आत्मचिकित्सा : गडचिरोली येथे १९८६ मध्ये ‘सर्च’ ही संस्था स्थापन करणारे डॉ. अभय बंग यांना ऐन चाळिशीत हृद्‌रोगाने गाठले. त्या अनुभवावर त्यांनी लिहिलेले माझा साक्षात्कारी हृदयरोग हे पुस्तक विसाव्या शतकाच्या अखेरीस प्रसिद्ध झाले व त्याच्या अनेक आवृत्त्या निघाल्या. वैद्यकाचे उच्च शिक्षण घेतलेला व साधेपणाने राहणारा माणूसही या रोगापासून सुरक्षित नसतो, ही त्यातील पहिली जाणीव होय. आहार, चालणे, योग, ध्यान व नातेसंबंध यांची फेरमांडणी त्यांनी कशी केली, हा पुस्तकाचा गाभा आहे. डीन ऑर्निश या अमेरिकन वैद्याने १९९० मध्ये ४८ रुग्णांच्या अभ्यासातून जीवनशैली आमूलाग्र बदलल्यास हृदयरोहिण्यांतील अडथळा काही प्रमाणात उतरू शकतो, असे दाखवले होते. त्याचा मराठी वाचकांना परिचय होण्यास हे पुस्तक बरेचसे कारणीभूत झाले. असा कडक आहारविहार सर्वांना झेपतोच असे नाही, आणि तो औषधांचा पर्यायही नव्हे. वैद्याच्या सल्ल्यावाचून औषध बंद करणे धोक्याचे असते.

शासकीय उपाय : महाराष्ट्र शासनाने १९९७ मध्ये सुरू केलेल्या जीवनदायी योजनेतून हृदयशस्त्रक्रियांसाठी गरीब रुग्णांना साहाय्य मिळू लागले. २०१२ मध्ये आलेल्या नव्या विमा योजनेचे २०१७ मध्ये महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना असे नामांतर झाले. २०१४ पासून राज्यात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा सुरू झाली. या सर्व योजनांचा रोख रोग झाल्यानंतरच्या उपचारांकडे होता. प्रतिबंधाच्या बाजूने पाहता २००३ चा तंबाखू नियंत्रण कायदा, २ ऑक्टोबर २००८ पासूनची सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानास बंदी, २०१२ मध्ये राज्याने घातलेली गुटखाबंदी आणि खाद्यतेलांतील विपक्ष वसाम्लांवर २०२२ पासून असलेली २ टक्क्यांची मर्यादा ही महत्त्वाची पावले होत. असंसर्गजन्य रोगांच्या नियंत्रणासाठी २०१० मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. त्यानंतर आलेल्या अतिरक्तदाब नियंत्रण उपक्रमाच्या आरंभीच्या टप्प्यात महाराष्ट्रातील सातारा, सिंधुदुर्ग आदी जिल्ह्यांचा समावेश होता. गावाजवळच्या आरोग्य केंद्रात रक्तदाब मोजणे, ठरावीक औषधे नियमाने देणे आणि रुग्ण न आल्यास त्याचा पाठपुरावा करणे, ही त्याची साधी पद्धती होय.

या उपक्रमांची निकड आकड्यांवरून कळते. २०१६ मध्ये भारतातील एकूण मृत्यूंपैकी सु. २८ टक्के मृत्यू हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांनी झाले. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा वर्षांवरील सु. २१ टक्के स्त्रिया व २४ टक्के पुरुष अतिरक्तदाबाचे आढळले. हा आता केवळ नागरी किंवा श्रीमंतांचा रोग राहिलेला नाही.

दैनंदिन आचार : उपर्युक्त इतिहासातून निष्पन्न होणारे नियम थोडे व साधे आहेत. प्रौढाने आठवड्यातून किमान १५० मिनिटे, उदा., पाच दिवस अर्धा-अर्धा तास, दम किंचित लागेल अशा वेगाने चालावे किंवा तत्सम श्रम करावेत. मिठाचे सेवन दिवसाला ५ ग्रॅ. हून, म्हणजे सपाट चहाच्या चमच्याहून, अधिक नसावे. भारतात ते याच्या सु. दुप्पट आहे. किनाऱ्यावरील घरांत सुकी मासळी, लोणचे व आगळ एकाच जेवणात न घेणे आणि खारवलेला मासा शिजवण्यापूर्वी पाण्यात भिजवून पाणी टाकून देणे, हे सहज जमणारे उपाय आहेत. ताजी मासळी तळण्यापेक्षा कालवण करून खावी. नारळात संतृप्त वसा विपुल असल्याने वाटण बेताचे असावे. भाताचा वाटा कमी करून कुळीथ, इतर कडधान्ये, भाजी व नाचणी यांचा वाढवावा. तंबाखू, मग ती विडीतील असो, मिसरीतील असो वा पानातील, पूर्णपणे सोडणे श्रेयस्कर. सात तासांच्या आसपास झोप व दिवसातून काही काळ मनाची निवांतता यांनाही तितकेच महत्त्व आहे.

तिशीनंतर रक्तदाब व रक्तातील साखर यांची नियमित तपासणी करावी. रक्तदाब वारंवार १४०/९० मिमी. किंवा अधिक आढळल्यास, काहीही त्रास होत नसला तरी उपचार घेणे आवश्यक असते. बरे वाटू लागले म्हणून गोळ्या सोडण्याची प्रवृत्ती सर्वत्र दिसते; ती घातक आहे.

धोक्याची लक्षणे ओळखणे हाही जाणिवेचाच भाग होय. छातीच्या मध्यभागी जडपणा किंवा आवळल्यासारखे वाटणे, वेदना डावा हात, जबडा वा पाठ यांकडे पसरणे, घाम व धाप ही प्रमुख लक्षणे आहेत. स्त्रिया, वृद्ध व मधुमेही यांच्यात वेदनेऐवजी केवळ धाप, मळमळ किंवा अतीव थकवा एवढेच आढळू शकते. हा पित्ताचा त्रास आहे, असे समजून सोडा किंवा लिंबूपाणी घेऊन सकाळची वाट पाहणे ही सर्वांत सामान्य व सर्वांत महाग पडणारी चूक होय. रोहिणीतील गुठळी विरघळवण्याचे औषध पहिल्या काही तासांत जितके लवकर मिळेल, तितका हृदयस्नायू अधिक वाचतो. केळशीसारख्या गावाहून तालुक्याच्या ठिकाणी जाण्यास घाटवळणांचा रस्ता पार करावा लागत असल्याने तेथे घरातील माणसाने घेतलेल्या तत्काळ निर्णयाला शहराहूनही अधिक मोल असते.

समारोप : केळशीत आता विहिरीवर पंप आहे, धान्य गिरणीत दळले जाते आणि मोटारगाडी दारापर्यंत येते. यामुळे कष्ट, विशेषतः स्त्रियांचे कष्ट, हलके झाले आणि ही प्रगती इष्टच होय. ती मागे फिरवण्याचा विचार कोणी करणार नाही. मात्र रहाट ओढणाऱ्या शरीराला जे श्रम नकळत मिळत, ते पंपाची कळ दाबणाऱ्या शरीराला ठरवून द्यावे लागतात. वाळूचा किनारा, वाडीतील काम, खाडीतील ताजी मासळी व परसातील भाजी ही साधने गावात पूर्वीसारखीच उपलब्ध आहेत. त्यांना रक्तदाब मोजण्याच्या पट्ट्याची आणि रोगलक्षणांच्या ज्ञानाची जोड मिळाली, तर पूर्वजांना जे परिस्थितीने दिले व जे विज्ञानाने दिले नव्हते, ते दोन्ही आजच्या पिढीला एकत्र लाभू शकते. पूर्वीच्या माणसाला निवड नव्हती. आजच्या माणसाला ती आहे, आणि ती त्याला रोजच्या रोज करावी लागते.